लिंबाएवढी पृथ्वी आणि बाबाचा उन्हाळा

मित्रांनो, तुमची पृथ्वी फार मोठी आहे, माझी मात्र लिंबाएवढी. तुमच्या पृथ्वीला सूर्याभोवती एक फेरी मारायला अख्खे वर्ष लागते. माझी पृथ्वी तेच काम शाळेची घंटा वाजून थांबायच्या आत उरकते. ऋतू दाखवणारे एक लाकडी यंत्र आहे मी, वयाने बऱ्यापैकी जुने. माझ्या मधोमध एक दिवा आहे, तो माझा सूर्य. दिव्यापाशी सुरू होणारी एक लांब दांडी आहे, आणि दांडीच्या टोकाला तारेच्या आसावर माझी पृथ्वी जरा तिरकी बसलेली आहे. मूठ फिरवली की दांडी दिव्याभोवती फिरते आणि वर्ष सरते. पृथ्वीला बोटाने ढकलले की ती स्वतःभोवती गिरकी घेते आणि दिवस सरतो. एवढाच माझा संसार.

माझा जन्म वैतागातून झाला. एका शाळेत भूगोलाच्या बाई होत्या. ऋतू शिकवायची वेळ आली की त्या एका मुलाला खुर्चीवर बसवून सूर्य करत आणि एका मुलीला पृथ्वी. पृथ्वीने मान तिरकी ठेवून, स्वतःभोवती फिरत फिरत, खुर्चीलाही फेरी मारायची, असा तो कार्यक्रम होता. पृथ्वीला चक्कर येई, सूर्य खो खो हसे आणि ऋतू बाजूलाच राहत. एका वर्षी पृथ्वी झालेली मुलगी थेट सूर्याच्या मांडीवर जाऊन आपटली. त्या दिवशी बाईंनी कपाळाला हात लावला आणि संध्याकाळी सुताराचे दुकान गाठले.

सुताराने मला पाट, दांडी आणि दोन सारख्या कप्प्या करून दिल्या. पृथ्वी त्याने लाकडाचीच घडवली. समुद्र आणि जमीन बाईंनी स्वतः रंगवली. माझी मूठ एका मोडक्या छत्रीची आहे आणि दिवा टेबलावरच्या जुन्या दिव्याचा. सगळ्यात महत्त्वाची होती ती दोरी. दिव्याखाली एक कप्पी होती, ती पाटाला घट्ट बसवलेली. दुसरी पृथ्वीखाली होती. दोघींभोवती बाईंनी पडद्याची एक दोरी ओढून बांधली. तिच्यामुळे दांडी कुठेही गेली तरी पृथ्वीची मान एकाच बाजूला कललेली राहत असे. खरी पृथ्वीही तसेच करते म्हणे. सूर्याभोवती फिरताना ती आपला कल बदलत नाही. म्हणून वर्षाचा काही काळ तिचा वरचा भाग सूर्याकडे झुकलेला असतो आणि काही काळ खालचा. ज्याची पाळी, त्याच्याकडे उन्हाळा.

वर्गात माझा काय थाट होता म्हणून सांगू! खिडक्यांचे पडदे ओढले जात, दिवा लागे आणि दंगेखोर मुलेसुद्धा चिडीचूप होत. मूठ फिरवायला मिळावी म्हणून बाकाबाकांवर भांडणे लागत. तपासणीला आलेले साहेब एकदा माझ्यापुढे असे रमले की पुढच्या वर्गात जायचे विसरले. त्या वर्गातल्या मुलांनी म्हणे मनातल्या मनात माझे आभार मानले.

पुढे बाई निवृत्त झाल्या. वर्गात भिंतभर पडदा आला आणि त्यावर पृथ्वी आपोआप, संगीताच्या तालावर फिरू लागली. मला राग आला नाही. खोटे कशाला बोलू, थोडा आला. मला सामानाच्या खोलीत ठेवले. तिथे माझी दोरी कुजून तुटली. शाळेचे शिपाई मायाळू होते. लटपटणारी पृथ्वी पाहून ते म्हणाले, "बिचारीची मान मोडली वाटतं." त्यांनी एक तार घेतली आणि पृथ्वीखालची कप्पी दांडीला करकचून बांधून टाकली. लटपट थांबली. पण मित्रांनो, त्याबरोबर माझे ऋतूही थांबले आणि ते कुणाच्याच लक्षात आले नाही.

मग एके दिवशी शाळेचे घड्याळ दुरुस्त करायला एक घड्याळजी आला. सामानाच्या खोलीत शिडी शोधताना त्याला मी दिसले. मुख्याध्यापकांना विचारून त्याने मला बगलेत मारले आणि आपल्या दुकानात आणले.

ते दुकान म्हणजे एक अजब जागा होती. भिंतीवर घड्याळेच घड्याळे, आणि प्रत्येकाची वेळ वेगळी. गिऱ्हाईक गोंधळले की घड्याळजी म्हणे, "तुम्हाला जी वेळ बरी वाटते ती घ्या." दुकानाच्या वर त्याची धाकटी बहीण राहत असे. ती शिवणकाम करी. तिच्या गळ्यात मोजपट्टी इतकी कायम असे की तिने ती काढली तर शेजारी ओळखणार नाहीत. तिची लेक सात-आठ वर्षांची. एका जागी पाय ठरत नाही म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. घड्याळजी भिंगरीचा मामा, म्हणून मीही त्याला मामाच म्हणते.

भिंगरीचा बाबा स्वयंपाकी होता. पृथ्वीच्या अगदी तळाशी बर्फाचे एक खंड आहे. तिथे काही शास्त्रज्ञ राहून संशोधन करतात. त्यांना रोज गरम जेवण करून घालायचे काम बाबाला मिळाले होते. निघताना त्याने भिंगरीला उचलून घेतले आणि सांगितले, "उन्हाळा आला की बर्फ फुटतो आणि जहाज येतं. जहाज आलं की मी आलोच समज."

भिंगरीने ते मनात पक्के धरले. थंडी गेली. पंखे सुरू झाले. शाळेला सुट्टी लागली. ती रोज सकाळी दुकानाच्या पायरीवर येऊन बसू लागली. कोपऱ्यावर गाडी थांबली की उभी राही आणि गाडी पुढे गेली की बसे.

वरच्या घरात फोनला रेंज नसे. म्हणून बाबाचा फोन घ्यायला मायलेकी खाली दुकानात येत आणि त्यांचे बोलणे मला फळीवरून ऐकू येई. त्या दिवशी भिंगरीने आईच्या हातून फोन ओढूनच घेतला.

"बाबा, उन्हाळा आला! तू कुठे आहेस?"

"अगं, इथे तर थंडीचा कडाका आहे. नाक बाहेर काढायची सोय नाही."

"थंडी? इथे मी आइसक्रीम खातेय, ते सुद्धा वितळतंय!"

"तिकडे असेल गं. इथे तर कितीतरी आठवड्यांत सूर्यच उगवला नाही."

भिंगरीने कपाळाला आठ्या घातल्या. मग ती एवढेच म्हणाली, "बाबा, तू काहीही फेकतोस." आणि फोन आईच्या हातात देऊन जिना चढून गेली.

पुढच्या फोनला ती खाली आलीच नाही. त्याच्या पुढच्यालाही नाही. आईने परोपरीने समजावले.

"अगं, तिकडे उन्हाळा उलटा असतो."

"उन्हाळा म्हणजे काय झबलं आहे का, उलटं घालायला?"

आईला हसू आले. असते खरे, एवढे तिला ठाऊक होते. का असते, ते शाळेबरोबर मागे राहिले होते. तिकडे बाबा दर वेळी विचारी, "ती आली का?" आई म्हणे, "झोपलीय." एकदा बाबा म्हणाला, "भर दुपारी?" त्यावर आईने घाईघाईने विषय बदलला. मित्रांनो, मी लाकडाचे आहे, पण तो प्रश्न मलाही टोचला.

शेवटी मामाने मनावर घेतले. एका दुपारी त्याने गिऱ्हाईक नाही असे पाहून दुकानाचे दार लोटले, मला फळीवरून उतरवले आणि फडक्याने पुसले. मूठ करकरली तेव्हा तिला तेल दिले. नवा दिवा बसवला. मग जिन्याकडे तोंड करून हाक मारली, "भिंगरे! खाली ये. तुझा बाबा कुठे आहे ते दाखवतो."

ती आली, पण फुगूनच. मामाने आईच्या डब्यातले दोन बारीक मणी आणले होते. लाल मणी त्याने मेणाने पृथ्वीच्या वरच्या भागावर चिकटवला. "ही तू." पांढरा अगदी तळाशी. "हा बाबा." आणि माझा दिवा लावला.

कितीतरी वर्षांनी माझा सूर्य पेटला होता! माझी पृथ्वी दिव्याकडे झुकलेली होती. मामाने तिला हळूच फिरवले. लाल मणी उजेडात आला, सावलीत गेला, परत उजेडात आला.

"सकाळ, दुपार, रात्र," मामा म्हणाला. "सूर्य जागचा हलत नाही. गिरक्या आपण घेतो."

"म्हणजे आपणच फिरतो आणि म्हणतो सूर्य उगवला?"

"अगदी!"

"आणि मला मात्र सगळे म्हणतात, एका जागी बस!"

मामाला ठसकाच लागला. भिंगरीने स्वतः पृथ्वी फिरवायला घेतली. फिरवता फिरवता तिचा हात थबकला. लाल मणी उजेडात येत-जात होता, पण तळाचा पांढरा मणी सावलीतच होता. तिने पुन्हा फिरवली. पुन्हा सावलीतच.

"मामा! बाबाकडे दिवस होतच नाही!"

"मग? तो काय फेकत होता?"

भिंगरीचा चेहरा असा उजळला की माझ्या दिव्याची गरजच उरली नाही. "बाबा खरं बोलत होता!" ती दुकानभर नाचली. मग धापा टाकत परत आली आणि तिने योग्य तोच प्रश्न विचारला, "मग त्याच्याकडे उन्हाळा कधी येणार? आपण दिव्याच्या जवळ गेल्यावर?"

"दांडी लाकडाची आहे. ती काय लांब-आखूड होते? आणि आपण जवळ गेलो म्हणून उकडत असतं, तर आत्ता बाबालाही उकडलं नसतं का? सगळा खेळ तिरकेपणाचा आहे. बघ, आता वर्ष पुढे नेतो."

मामाने मूठ धरली, आणि मित्रांनो, मला एकदम आठवले. ती तार! मला ओरडून सांगावेसे वाटले, पण यंत्राला तोंड कुठे असते? दांडी फिरली. पाव फेरी, अर्धी फेरी. कप्पी दांडीला जखडलेली, त्यामुळे पृथ्वीची मान दांडीबरोबर वळत राहिली आणि दिव्याकडेच झुकलेली राहिली. लाल मण्यावर भरभरून ऊन. पांढरा मणी सावलीत. पूर्ण फेरी झाली तरी सावलीतच.

मामाने डोके खाजवले. त्याने अजून एक वर्ष फिरवले. मग अजून एक.

भिंगरीचे डोळे भरून आले. "म्हणजे बाबाकडे उन्हाळा येणारच नाही. बर्फ फुटणार नाही. जहाज कधीच येणार नाही."

"अगं, तसं नसेल. थांब जरा, बघू दे..."

ती थांबली नाही. जिन्यावरून वर जाणारी तिची पावले कधी नव्हे ती सावकाश वाजली. बाबाला खोटे ठरवून ती रुसली होती, तेव्हा निदान तो येईल अशी आशा तिला होती. मी तीही काढून घेतली होती.

दुसऱ्या दिवशी बाबाचा फोन आला, तेव्हा आईच्या आधी भिंगरीच खाली धावत आली.

"बाबा, मी आहे."

 पलीकडे कुणीतरी जोरात नाक शिंकरले. "बोल गं राणी, बोल."

"बाबा, तुझ्याकडे ऊन कधीच पडणार नाही. मी यंत्रात बघितलं. तू तिथेच राहणार."

"कोण म्हणतं? मी इथे आलो तेव्हा ऊनच ऊन होतं! रात्री जेवण वाढताना डोळ्यांवर गॉगल लावायचो. फोटो नव्हता का पाठवला? पातेलं, डाव आणि गॉगल?"

भिंगरीने आईकडे पाहिले. आईने मान हलवली. फोटो होता, घरात सगळे तो पाहून हसलेही होते. बाबा गेला तेव्हा इथे थंडी होती. भिंगरीला कानटोपी घालून आईने त्याला निरोप द्यायला नेले होते. इथे कानटोपी आणि त्याच दिवसांत तिथे रात्रीसुद्धा ऊन!

"बाबा, नंतर बोलते!" तिने फोन आईच्या हातात कोंबला आणि माझ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "मामा, बाबा खोटं बोलत नाही. तुझं यंत्रच खोटं बोलतंय!"

"माझ्या दुकानात खोटं फक्त घड्याळं बोलतात," मामा म्हणाला, पण भिंग डोळ्याला लावून उठलाही.

तेवढ्यात फोन आटोपून आई जवळ आली. इतके दिवस मी वरच्या फळीवर धुळीत होते, त्यामुळे तिने मला नीट पाहिलेच नव्हते. तिने छत्रीच्या मुठीवर हात ठेवला आणि किंचाळलीच, "अरे दादा, हे तर आमच्या बाईंचं यंत्र!"

मलाही तेव्हाच ओळख पटली. सूर्याच्या मांडीवर आपटलेली मुलगी तीच, म्हणून माझी मूठ सगळ्यात आधी फिरवायचा मान बाईंनी तिलाच दिला होता.

"पण दादा, हिची मान अशी फिरायची नाही," ती आठवून म्हणाली. "बाई मूठ फिरवायच्या, दांडी सगळीकडे जायची, पण पृथ्वी आपली खिडकीकडे कललेलीच. आम्ही म्हणायचो, हिलाही तास संपायची घाई झालीय!"

मामाने मला उलटे केले. तार दिसली. "कुणी बांधलीय ही एवढी घट्ट!" म्हणत त्याने पक्कड घातली आणि तार तटकन तुटली. काय हलके वाटले, काय सांगू!

आता प्रश्न दोरीचा. इथे भावंडांची जुंपली. मामा म्हणाला, लंबकाच्या घड्याळाची तार लावू. आई म्हणाली, तुझ्या तारेनेच घोटाळा झालाय, माझ्याकडचे इलॅस्टिक लावू. धाकट्या बहिणीपुढे मामाचे काही चालेना. इलॅस्टिक लावले. मूठ फिरवली तर पृथ्वी आधी जागची हललीच नाही, मग इलॅस्टिक ताणले गेले आणि सटकन अशी काही उलटी फिरली की लाल मणी उडून मामाच्या चहात पडला.

"भिंगरे, तू बुडालीस," मामा म्हणाला.

तिघे हसून हसून खाली बसले. लाल मणी चहातून काढून, धुऊन परत चिकटवला. शेवटी आईने जाड धागा दुहेरी घेतला, त्याला मेण लावले आणि दोन्ही कप्प्यांभोवती ओढून पक्की गाठ मारली. मामाने गाठीला नाव ठेवले नाही, यातच सारे आले.

दार लोटले. दिवा लागला. या वेळी मूठ भिंगरीच्या हातात होती. आई दाराच्या दिशेला बोट दाखवून उभी राहिली. पृथ्वीची मान तिकडेच राहते का, ते तिला पाहायचे होते. दांडी निघाली. पाव फेरी झाली. मान दाराकडेच! पांढरा मणी अजून सावलीतच होता, पण अगदी कडेजवळ. अजून पुढे. लाल मण्यावरचे ऊन तिरपे होत गेले, फिके होत गेले. आणि तळाचा पांढरा मणी सावलीच्या कडेवर आला, कडा ओलांडून अलीकडे आला आणि लखलखला. भिंगरीने पृथ्वीला गिरकी दिली. पांढरा मणी फिरला, पण उजेडातून बाहेर गेला नाही.

"रात्रीसुद्धा ऊन," आई हळूच म्हणाली. "गॉगल."

भिंगरीने मूठ घट्ट धरून ठेवली होती, जणू सोडली तर उन्हाळा निघून जाईल. "म्हणजे आपल्याकडे थंडी पडली की बाबाकडे उन्हाळा. आणि तेव्हा जहाज."

ती वर पळाली आणि क्षणात स्वेटर घालून खाली आली. बाहेर रस्ता तापलेला होता. मामा म्हणाला, "अगं, स्वेटर घातल्याने पृथ्वी पुढे सरकत नाही!" तिने तो थोडा वेळ निकराने सहन केला. मग घामाघूम होऊन काढून ठेवला आणि बाबाला फोन लावायचा हट्ट धरला. त्या दिवशी बाप-लेक इतके बोलले की तिकडे शास्त्रज्ञांची आमटी करपली.

मग दिवस सरू लागले, खऱ्या पृथ्वीच्या चालीने. भिंगरी शाळेतून आली की माझी दांडी केसभर पुढे सरकवी, जास्त नाही. ऊन खिडकीतून आत आत येऊ लागले, संध्याकाळ लवकर होऊ लागली. एकदा फोनवर बाबा लहान मुलासारखा ओरडला, "भिंगरे, आज दिसला! एवढासा, लिंबाच्या फोडीसारखा! आम्ही सगळे बाहेर जाऊन टाळ्या वाजवल्या!" तेव्हा तिने माझी दांडी पाहिली. पांढरा मणी नेमका सावलीच्या कडेवर होता. मित्रांनो, तपासणीच्या साहेबांनी केले होते त्याहून मोठे कौतुक मला त्या क्षणी मिळाले.

आणि मग एका कडाक्याच्या सकाळी, दुकानाचे दार अर्धवट उघडलेले असताना, दाढी वाढलेला एक माणूस पिशवी खांद्यावर टाकून आत आला आणि मामाला म्हणाला, "बरोबर वेळ दाखवणारं एखादं घड्याळ मिळेल का?" मामा उत्तर देणार तोच जिन्यावरून धडधडत काहीतरी आले आणि त्या माणसाच्या गळ्यात पडले. आई मागून आली.  तिने गळ्यातली मोजपट्टी काढली, त्याच्या कमरेभोवती धरली आणि म्हणाली, "दुसऱ्यांना खाऊ घालत होतास की स्वतःच खात होतास?" मग मात्र तिने त्याच मोजपट्टीने डोळे पुसले.

त्या दुपारी बाबा माझ्यापुढे बसला. पांढरा मणी त्याने काढला नाही. तो म्हणाला, "तिथे आता दुसरा स्वयंपाकी आलाय. त्याचीही कुणी वाट बघत असेल." मग त्याने आपल्या सोबत्यांची घरे आठवून आठवून माझ्या पृथ्वीवर मणी लावले. निळा मणी डॉक्टरीणबाईंचा. त्यांच्या गावी आत्ता रात्र. हिरवा हवामान मोजणाऱ्या काकांचा. त्यांच्याकडे भर उन्हाळा, आणि त्यांना तो मुळीच आवडत नाही. आता दुकानात येणारी मुलेही मणी मागतात. कुणाची मावशी लांब असते, कुणाचा भाऊ. माझ्या पृथ्वीला जणू गोवर आला आहे, पण मला तो फार शोभतो असे माझे मत आहे.

मित्रांनो, तुमचेही कुणी दूर असेल आणि त्याचे बोलणे तुम्हाला खोटे वाटत असेल, तर रुसण्याआधी तो पृथ्वीवर कुठे उभा आहे ते पाहायला माझ्याकडे या. एक मणी तुमच्यासाठीही आहे. मात्र मूठ सावकाश फिरवा. घाई केल्याने उन्हाळा लवकर येत नाही, दोरी तेवढी तुटते.